एकशे बारा कोट, चार झबली

आधीच सांगून ठेवतो, मला बायकोचं कौतुक करता येत नाही. करायला गेलो की ते टोमण्यासारखं ऐकू येतं, आणि मग घरात दोन दिवस वातावरण तंग. पण परवा कारखान्याच्या फाटकावर एक पाहुणा मला म्हणाला, "तुम्ही त्या कोटवाल्या बाईंचे मिस्टर ना?" चौतीस वर्षं बॉयलर चालवला मी. या भागात मला सगळे बॉयलरकाका म्हणायचे. आणि आता मी कोटवाल्या बाईंचा मिस्टर! एरवी माझा पारा चढला असता. पण त्या दिवशी मी छाती फुगवून म्हणालो, "हो, हो, मीच तो." तेव्हाच ठरवलं, की एकदा हे सगळं नीट सांगून टाकायचं. त्यात माझी चांगली शोभा होणार आहे. होऊ दे.

तर आमची ही शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं पायाचं मशीन आहे. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट घट्ट झाली ती सैल करून दे, कुणाची सैल झाली ती आवळून दे. माप घेण्याची तिची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला सरळ उभं करायचं, टेप गळ्यातच ठेवायची आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारायची. मग म्हणणार, "डावा खांदा उतरलाय तुमचा." माणूस बिचारा घरी जाऊन आरशात बघतो, तर खरंच उतरलेला! बसच्या रांगेत पुढच्याची बाही उसवलेली दिसली तर ही त्याला थांबवून पर्समधून सुईदोरा काढते. मी अशा वेळी तिसरीकडेच बघतो, जणू काही आमची ओळखच नाही.

आणि मी टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर. भुशाच्या दाबलेल्या कांड्या जाळायच्या, पाण्याची वाफ करायची, आणि ती नळांतून पुढे सोडायची. पुढे तीन टाक्यांत टॉवेल रंगतात आणि शेवटी ड्रायरमध्ये वाळतात. सगळं वाफेवर. वाफ कमी पडली की रंग बसत नाही, टॉवेल ओला राहतो आणि शिव्या मला. कारण बॉयलर दिसतो सगळ्यांना, वाफ वाटेत कुठे जाते ते कोण बघतंय!

ती वाटेत जात होती हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. नळांवर ऊब धरायला आवरण गुंडाळलेलं होतं, पण मधले व्हॉल्व्ह आणि जोड सगळे उघडे. उघडं लोखंड, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जाईल इतकं तापलेलं. पण सगळ्या कारखान्यांत असंच असतं. व्हॉल्व्ह अधूनमधून खोलावा लागतो. लिंपून बंद केला तर दर वेळी फोडायचा कुणी? म्हणून उघडा. मी कामाला लागलो तेव्हाही उघडा होता, आणि मला वाटायचं मी निवृत्त होईन तेव्हाही उघडाच असेल.

मग एके दिवशी तिसऱ्या व्हॉल्व्हचं चाक फिरवताना माझा हात निसटला आणि कोपराखाली हातभर भाजलं. हातभर म्हणजे अगदीच हातभर नाही, पण वीतभर तरी. घरी आलो तर हिनं काही न बोलता पट्टी सोडून बघितली, परत बांधली. चहा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर बाई बॉयलरच्या दारात उभी! सत्तावीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा माझ्या कामाच्या जागी आली होती.

"कुठला तो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुम्हाला भाजणारा."

मी तिसरा व्हॉल्व्ह दाखवला. तिनं हातभर अंतरावरून तळवा धरला आणि झटकन मागे घेतला. मग आपली नेहमीची चक्कर मारली त्याच्याभोवती. नंतर पुढच्याकडे गेली. त्याच्या पुढच्याकडे. परत आली तेव्हा चेहरा लाल झाला होता, आणि तो नुसता धगीनं नव्हता.

"अहो, ही सगळी धग नुसती खोलीत सोडता तुम्ही?"

"सोडत नाही गं. जाते."

"आणि मग परत तापवायला अजून कांड्या घालता?"

"घालाव्या लागतात."

"सत्तावीस वर्षं रोज घामानं निथळून घरी येता. मला वाटायचं, केवढी मेहनत करतात! आणि तुम्ही काय करता, तर खोली तापवता!"

माझा जोडीदार ऑपरेटर तिथंच होता. तो खो-खो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला समजावलं, व्हॉल्व्ह खोलावा लागतो, झाकता येत नाही. तर म्हणते कशी, "माणसालाही कपडे काढावे लागतातच की. म्हणून कुणी उघडं फिरतं का? बटणं कशाला असतात?"

आणि गळ्यातली टेप काढून ती दुरूनच माप घ्यायला लागली.

पहिला कोट शिवायला तिला नऊ दिवस लागले. भट्टीच्या दारासाठी आणलेलं काचेच्या धाग्याचं कापड स्टोअरमध्ये पडून होतं, त्याचा तुकडा मीच आणून दिला, ब्याद टळेल म्हणून. वर्तमानपत्रावर बेत कापला. आत काचेची लोकर, दोन्ही बाजूंनी कापड, वरून चंदेरी लेप दिलेलं कापड. साध्या सुईनं तीन टाके घातले की सुई मोडायची, मग चामड्याची सुई आणली. काचेची कुसं हातात घुसून सगळी खाज, म्हणून तोंडाला फडकं, हातात मोजे. त्या खोलीत मला यायला बंदी. जेवण स्वयंपाकघरात उभ्यानं. "ही काय माझ्या भाजल्याची शिक्षा मलाच?" म्हटलं तर नुसता मशीनचा आवाज.

पण कोट बसला बघा! पोटाकडे रुंद, मानेशी निमुळता, चाकाच्या दांड्यासाठी वर गळा ठेवलेला, मागे चार पट्टे आणि चार बकलं. एका मिनिटात घाला, एका मिनिटात काढा. घातल्यावर अर्ध्या तासानं मी वरून हात टेकवला. नुसतं कोमट. ज्या लोखंडानं माझं कातडं सोललं होतं, त्यावर मी आता डोकं टेकून झोपलो असतो.

"काखेत जरा ओढलंय," ती म्हणाली. व्हॉल्व्हच्या काखेत!

हे इतक्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट चालू होती, आणि ती माझ्या अगदी जिव्हाळ्याची होती. दुपारी दोननंतर तिन्ही टाक्या आणि ड्रायर एकदम चालले की वाफेचा दाब दहावरून घसरायचा आणि सातावर यायचा. टॉवेल ओले निघायचे. मालकांनी ठरवलं, दुसरा बॉयलर घेऊ. दोन बॉयलर म्हणजे बॉयलर हाउसला प्रमुख लागणार. म्हणजे मी. माझ्या हाताखाली चार माणसं, वेगळी खोली, दारावर पाटी. तुम्हाला यात काय मोठं वाटणार! पण एकतीस वर्षं ज्यानं काळ्या हातांनी डबा खाल्लाय, त्याला विचारा. मी मनातल्या मनात पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता. निळी.

बॉयलरची मागणी नोंदवायच्या आधी मालकांनी एका तपासणीबाईंना बोलावलं. ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधणं हे त्यांचं काम. तरुण होत्या, पण एकदम शांत. त्यांच्याकडे धग दिसणारा कॅमेरा होता: गरम वस्तू पांढरी दिसते, गार ती काळी. त्यांनी मला मुख्य नळाशेजारी उभं केलं आणि फोटो काढून दाखवला. पडद्यावर पांढरंच पांढरं. व्हॉल्व्ह, जोड, टाकी, सगळं पेटल्यासारखं.

"मी कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ शोधलं. "इथे असाल काका. या झगमगाटात दिसत नाही."

त्या पांढऱ्या रांगेत एकच काळा ठिपका होता. तिसरा व्हॉल्व्ह. "हा कुणी झाकला?" बाईंनी विचारलं. झालं! माझ्याआधी जोडीदारानंच हौसेनं सांगितलं, "यांच्या मिसेसनी शिवलाय."

तासाभरानं मालकांच्या खोलीत तपासणीबाई म्हणाल्या, "तुम्हाला दुसरा बॉयलर नकोय. तुमचे हे उघडे व्हॉल्व्ह आणि वाफेचं झालेलं गरम पाणी परत येतं ती टाकी मिळून जेवढी वाफ खातात, तेवढीच तुम्हाला कमी पडतेय. आधी हे झाका. यांच्या मिसेस शिवतील." मालक विचार करून म्हणाले, "सहा आठवडे थांबतो. मग एक दिवस दुपारी दोनपासून पाळी संपेपर्यंत सगळी यंत्रं एकदम चालवू. दाब टिकला आणि टॉवेल सुका निघाला तर बॉयलर नाही घेत. नाही जमलं तर कोट काढून टाकायचे आणि बॉयलर आणायचा." मग उठता उठता बाई मला म्हणाल्या, "ड्रायरखालचे ट्रॅप तेवढे उघडे ठेवा हं काका. पण ते तुम्हाला मी काय सांगायचं!"

मी मान हलवली.

हे ट्रॅप म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. वाफेनं आपली ऊब देऊन टाकली की तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर काढणारी मुठीएवढी झडप म्हणजे ट्रॅप. आमच्या ड्रायरखाली चार होते. ते जरा गार झाले की उघडतात आणि पाणी सोडतात, वाफ आली की तापून बंद होतात. त्यांना गार होऊच दिलं नाही तर ते बंदच राहतात. पाणी आत तुंबतं. एवढंच. बॉयलरवाल्याला हे पहिल्या वर्षी कळतं. शिवणकामवालीला कसं कळणार?

घरी आलो आणि हिला मालकांचं बोलणं सांगितलं. ती चक्क लाजली हो! मग दार लावून घेतलं आणि आतून विचारलं, "एकूण किती आहेत?"

"टाकी धरून एकशे बारा," मी ओरडलो. "बस आता शिवत!"

माझ्या पाटीचं तिला माहीत होतं. मीच रोज जेवताना सांगायचो. पण तिला वाटलं, बॉयलर वाचला तर हे खूशच होतील, कांड्या कमी लागतील, गरम कमी होईल, हात भाजणार नाही. माझ्या मनात मात्र एकच. माझी पाटी ही शिवणकामाच्या मशीनखाली घालतेय.

सहा आठवडे ती राबली. रोजचे तीन कोट. गणवेशवाल्यांना हात जोडून दुसरीकडे पाठवलं. दर व्हॉल्व्हचं वेगळं माप, आणि दर व्हॉल्व्हला नाव. "तो पोटल्या झाला का? मानमोडका राहिलाय. जुळ्या बहिणींना एकाच बेतात बसवते." रविवारी कारखाना बंद असायचा तेव्हा गार नळांवर जाऊन घालून बघायची, खडूनं खुणा करायची, परत आणून उसवायची. तिच्या बोटांना भेगा पडल्या. मी माप घ्यायला जायचो, पण तोंड वाकडं करून. जिभेला तर माझ्या हाड नव्हतंच त्या दिवसांत. "लोखंडाला थंडी वाजते का गं?" "इस्त्रीपण करून देणार का?" ती हसून घ्यायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

शेवटच्या रविवारी सगळे कोट बसले. आणि मग तिनं पिशवीतून अजून चार काढले. इवलेसे, मुठीत मावतील एवढे, प्रत्येकाला एकच पट्टा आणि एकच बकल. तान्ह्या बाळाच्या झबल्यासारखे. ड्रायरखालचे चार ट्रॅप तिला उघडे दिसले होते, आणि आमच्या हिला उघडं काही बघवत नाही. उरलेल्या तुकड्यांतून, कुणी न सांगता, तिनं ती शिवली होती.

ड्रायरखाली वाकून ती मला म्हणाली, "अहो, हे छोटेपण झाकायचे ना?"

एक शब्द. नको. एवढाच शब्द होता. तपासणीबाईंचं बोलणं माझ्या कानात होतं. पण निळी पाटीही डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, "मला काय विचारतेस? इंजिनियर तू झालीयस ना आता!"

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकली आणि एकेक झबलं घालून बकल लावलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी. मालक, फिटर, रंगखात्यातली माणसं, सगळे ड्रायरपाशी. ही पण आली होती, इस्त्रीचे कपडे घालून. मी माझ्या बॉयलरवर. सकाळी ड्रायर बंद, सगळं सुरळीत. दोन वाजले, तिन्ही टाक्या सुरू, ड्रायर सुरू. मी दाबाच्या काट्यासमोर उभा राहिलो. रोज याच वेळी तो घसरायला लागतो. सव्वादोन. अडीच. काटा दहाच्या किंचित खाली येऊन थांबला तो थांबलाच. मी काचेवर टिचकी मारली. हलला नाही. एकतीस वर्षांत दुपारी अडीचला असा काटा मी बघितला नव्हता. आणि मी कांड्यासुद्धा कमी घालत होतो! जोडीदार म्हणाला, "आयला, वहिनींनी जादू केली." खरं सांगतो, मला आनंद झाला. पाटी गेली तरी तो आनंदच होता, आपल्या कामातलं इतकं देखणं काही बघितल्याचा.

तेवढ्यात ड्रायरकडून आवाज आला. ठण्. ठण्. ठण्.

नळात पाणी तुंबलं की वाफ त्याला ढकलून असे दणके मारते. पाठोपाठ फिटर धावत आला. "काका, ड्रायर गार पडतोय. टॉवेल चिंब निघतायत. मालक म्हणतात कोट काढा सगळे."

मला कळलं काय झालंय. तिथं दुसऱ्या कुणालाच कळलं नसतं. मूग गिळून बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत बॉयलरची मागणी गेली असती, आणि चूक कायमची तिच्या नावावर राहिली असती. मी एकदा काट्याकडे बघितलं. अजून तिथंच, दहाच्या किंचित खाली. मग जोडीदाराला म्हटलं, "बॉयलर सांभाळ," आणि निघालो. चालू पाळीत मी बॉयलर सोडून कधी गेलो नव्हतो.

ड्रायरपाशी गेलो. फिटरनं जवळचे पाच-सहा कोट काढून जमिनीवर टाकले होते. मालक फोन हातात घेऊन उभे. कुणीतरी म्हणत होतं, "शेवटी शिवणकाम ते शिवणकाम." आणि ही खाली बसून ते कोट उचलत होती, झटकत होती, घडी घालत होती. रडत नव्हती. पट्ट्याला पट्टा लावून नीट घडी घालत होती, गिऱ्हाईक परत करून गेलेल्या कपड्याची घालतात तशी.

मी कुणाशी न बोलता ड्रायरखाली शिरलो. चार बकलं सोडली. चार झबली हातात घेऊन बाहेर आलो. मालक म्हणाले, "काका, हे काय?" मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा."

दहा मिनिटं फार लांब असतात. ठण्. ठण्. मग एक ट्रॅप खाकरला आणि खालच्या नळातून भसाभसा पाणी आलं. मग दुसरा. मग उरलेले दोन्ही. दणके विरळ झाले, थांबले. थोड्या वेळानं ड्रायरच्या तोंडातून टॉवेल आला. रंगखात्यातल्या माणसानं गालाला लावला. "सुका," तो म्हणाला. "आणि गरम."

"म्हणजे ही चार छोटी चुकीची होती," मालक म्हणाले. "ठीक आहे, होतं असं. वहिनींना कुठून माहीत असणार!"

हिनं मान हलवली. चूक पदरात घेऊन टाकली, पटकन. मला ते बघवेना.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिनं मला विचारलं होतं. झाकायचे का म्हणून विचारलं होतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

"का?"

"मला दुसरा बॉयलर हवा होता. मला प्रमुख व्हायचं होतं."

ड्रायर तेवढा चालू. मालकांनी फोन खिशात ठेवला आणि फिटरला म्हणाले, "कोट परत घाल." मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. हिनं घडी घातलेले कोट फिटरच्या हातात एकेक करून दिले, कुठला कुणाचा ते सांगत. "हा पोटल्याचा. हे जुळ्यांचे." माझ्याकडे बघितलं नाही.

पाळी संपेपर्यंत काटा हलला नाही. बॉयलर आला नाही. पाटी लागली नाही.

घरी सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा यायचा, जेवण यायचं, शब्द येत नव्हता. सातव्या दिवशी सकाळी चहाची किटली समोर आली, आणि किटलीला झबलं घातलेलं! त्या चारांचंच जोडून केलेलं एक. आतली काचेची लोकर काढून कापूस भरलेला, चोचीसाठी भोक ठेवलेलं, बकल तेच. मी बघतच राहिलो.

"चहा तासभर गरम राहतो," ती म्हणाली. "परत गॅस पेटवायला नको."

"अगं, मी..."

"प्या."

मी प्यायलो. मग म्हटलं, चुकलो गं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, माझं काम तुम्हाला आवडत नाही. ते चाललं असतं. पण माझं काम चांगलं झालेलं तुम्हाला नको होतं, ते लागलं मला." ते झबलं रोज समोर येतं. आज चार वर्षं झाली.

त्या चार वर्षांत काय काय झालं! दवाखान्याच्या धुलाईखान्यानं तिला बोलावलं, मग पावाच्या बेकरीनं, मग कागदाच्या कारखान्यानं. बाहेरच्या खोलीत आता तीन मशीनं आहेत आणि दोन बायका तिच्या हाताखाली काम शिकतात. पाटीसुद्धा आहे दारावर. हिच्या नावाची. रंग निळा, आणि तो मीच दिला. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि तिच्याकडे लागलो. माप लिहून घेतो, बकलं मोजतो, आणि नव्या जागी गेलो की सगळ्यात आधी ट्रॅप शोधतो. प्रत्येक ट्रॅपला एक लाल पट्टी बांधतो, तिनंच शिवलेली. त्यावर लिहिलेलं असतं: झाकू नये. हे खातं माझं. या खात्याचा प्रमुख म्हणा हवं तर.

गेल्या आठवड्यात टॉवेलच्या कारखान्यात त्या तपासणीबाई परत आल्या. मालकांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. बाईंनी मला पूर्वीच्याच जागी, मुख्य नळाशेजारी उभं केलं आणि तोच कॅमेरा काढला. नवीन फोटो पडद्यावर आला. मी वाकून बघितलं. एवढी मोठी नळांची रांग, आणि सगळी काळी! पोटल्या काळा, मानमोडका काळा, जुळ्या काळ्या. पार त्या टोकाला ड्रायरखाली चार बारीक पांढरे ठिपके, उघडे, हवे तसे. मी मालकांना म्हटलं, "बघा साहेब, एकशे बाराच्या एकशे बारा! एकाची शिवण उसवलेली नाही. हे काम आहे, काम!" मी इतक्या जोरात बोललो की रंगखात्यातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

हिचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिनं चष्मा वर केला, पडद्याच्या जवळ गेली आणि त्या काळ्या रांगेच्या मधोमध एका जागी बोट टेकवलं. तिथं एक माणूस होता. चेहरा, दोन हात, पांढरे स्वच्छ. मागच्या फोटोत याच जागी कुणी सापडत नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली. "आता दिसताय तुम्ही."

मला भरून आलं, आणि सगळ्यांसमोर आलं. तिनं ते बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि गळ्यातली टेप माझ्या हातात दिली.

"चला," म्हणाली, "दूध डेअरीत अकराला बोलावलंय. लाल पट्ट्या घेतल्यात ना?"